पाटीवर नाव डॉक्टरचं, दवाखाना कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर मी रोज वाचते. इथे ऑरेगनमध्ये आमची रात्रीची जेवणं आटोपली की तुमच्याकडे सकाळ झालेली असते आणि नवा अंक आलेला असतो. हल्ली हॉस्पिटलांच्या खरेदीविक्रीच्या बातम्या सारख्या दिसतात, या फंडाने ते हॉस्पिटल घेतलं, त्या चेनने हा हिस्सा घेतला, आणि त्या नेहमी अर्थविषयक पानावर असतात याचं मला वाईट वाटतं, कारण ही बातमी आधी पेशंटची आहे, शेअरबाजाराची नंतर. त्यातच मिरजेहून धाकट्या भावाचा फोन आला. तो सर्जन आहे, वडिलांनी बांधलेलं बावीस खाटांचं नर्सिंग होम चालवतो, आणि त्याला एका हॉस्पिटल चेनची हिस्सा विकत घ्यायची ऑफर आलीये. म्हणाला, ताई, तू तिकडे हे सगळं बघितलंयस ना, मग सांग मला. मी सतरा वर्षं पोर्टलँडजवळच्या दवाखान्यांत मेडिकल बिलिंगचं काम करते, नवरा इंटेलमध्ये म्हणून इकडे आलो, इथली बरीच मराठी घरं त्याच कंपनीमुळे आलेली. आमचा दवाखाना विकला गेला तेव्हा मी तिथेच खुर्चीत बसून होते. भावाला जे सांगितलं तेच इथे लिहिते, पत्र लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

आमचा दवाखाना लहान होता. दोन डॉक्टर, एक नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषध लिहून देऊ शकणारी नर्स, दोन नर्सा, पुढे काउंटरवर एक मुलगी आणि मागच्या खोलीत बिलिंगला मी. मोठे डॉक्टर सत्तरीला आलेले, तीस वर्षं तिथेच, आपल्याकडे जुना फॅमिली डॉक्टर असायचा ना अगदी तसे. त्यांची एक पेशंट होती, ऐंशीच्या पुढची, एकटी राहणारी बाई. ती दर तीन महिन्यांनी यायची ते कापडी पिशवीत घरातल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या घालून. डॉक्टर ती पिशवी टेबलावर ओतायचे आणि एकेक बाटली उचलून विचारायचे, ही कधी घेता, ही कोणी दिली, ही का बंद केलीत. पाऊणेक तास जायचा. एकदा बाईला चक्कर येत होती, नाडी चाळीसच्या आसपास, आणि त्या पिशवीत एकच औषध दोन नावांनी निघालं, एका बाटलीवर लोप्रेसर लिहिलेलं, दुसरीवर मेटोप्रोलॉल, एक हॉस्पिटलने दिलेलं आणि एक आमच्याकडचं, आणि बाई दोन्ही इमानदारीत घेत होती. डॉक्टरांनी एक बाटली बाजूला काढली आणि झालं, दोन आठवड्यांनी बाई स्वतः गाडी चालवत आली. हे मला माहीत आहे कारण त्या दिवसाचं बिल मीच केलं होतं, आणि तेवढ्या वेळाचं जे बिल होतं त्यात दवाखान्याला फार काही मिळालं नव्हतं.

मग डॉक्टर रिटायर व्हायचं म्हणाले, धाकट्या डॉक्टरीण बाईंकडे विकत घ्यायला पैसे नव्हते, तिच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज अजून तसंच, आणि एक कंपनी आली. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही, अशा बऱ्याच आहेत. पाटी बदलली नाही. कोट तेच, नर्सा त्याच, भिंतीवरची चित्रं पण तीच. पहिले चार महिने मला वाटलं की उगाच घाबरलो.

नंतर अपॉइंटमेंट वीस मिनिटांच्या पंधरावर आल्या. फोन दवाखान्यात वाजेनासा झाला, तो दुसऱ्या राज्यातल्या कॉल सेंटरला जायला लागला. काउंटरवर छोटा बोर्ड आला की एका भेटीत एकच तक्रार सांगावी. मला सकाळी कॉम्प्युटर उघडला की एक तक्ता दिसायचा, कोणत्या डॉक्टरने काल किती पेशंट बघितले, प्रत्येक पेशंटमागे किती आले, ९९२१४ किती आणि ९९२१३ किती. हे इथले ऑफिस व्हिजिटचे कोड, पहिल्याला पैसे जास्त, दुसऱ्याला कमी. आधी डॉक्टर सांगायचे आणि मी कोड लावायचे, आता कंपनीचं सॉफ्टवेअर डॉक्टरच्या नोट्स वाचून आधीच विचारायचं की या पेशंटला हाही आजार आहे का, तोही लावायचा का, आणि नाही म्हटलं तर कारण लिहावं लागायचं. हो म्हणायला काहीच लिहावं लागत नव्हतं. ती पिशवीवाली बाई त्या काळात एकदा आली होती. मी काचेतून बघितलं, पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा पिशवी तशीच मांडीशी धरलेली होती, गाठ सुटलेली नव्हती.

आता मुद्द्याचं. तुम्ही म्हणाल अमेरिकेत हे चालायचंच, सगळा धंदाच आहे तिकडे. पण तसं नाहीये, आणि म्हणूनच मला हे पत्र लिहावंसं वाटलं. अमेरिकेत डॉक्टरचं लायसन्स राज्य देतं आणि दवाखान्याचा मालक कोण असू शकतो हेही राज्यच ठरवतं. ऑरेगन, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास अशा बऱ्याच राज्यांत जुना नियम आहे की डॉक्टरकीचं लायसन्स माणसाला मिळतं, कंपनीला मिळत नाही, त्यामुळे कंपनीने डॉक्टर पगारावर ठेवून पेशंट तपासायला लावले तर ती कंपनीच विनालायसन्स डॉक्टरकी करते. कॅलिफोर्नियात मेडिकल कॉर्पोरेशनचे किमान ५१ टक्के शेअर डॉक्टरांकडेच हवेत आणि उरलेले पण बाहेरच्या कोणाकडे चालत नाहीत, नर्स वगैरे लायसन्सवाल्या लोकांकडेच. न्यूयॉर्कमध्ये तसल्या कॉर्पोरेशनचा प्रत्येक शेअरहोल्डर लायसन्सवाला लागतो. टेक्सासमध्ये तर काही अपवाद सोडले तर हॉस्पिटललाही डॉक्टर थेट नोकरीवर ठेवता येत नाही. उलट फ्लोरिडात असा सरसकट नियम नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं.

हा नियम आला कुठून तेही इंटरेस्टिंग आहे, आणि आमच्या भागाशी त्याचा जवळचा संबंध आहे. शंभर सव्वाशे वर्षांपूर्वी इकडच्या जंगलांत लाकूडतोडीच्या कंपन्या, खाणी, रेल्वे, यांनी कामगारांसाठी स्वतःचे डॉक्टर ठेवले होते, कामगाराच्या पगारातून दरमहा ठरावीक पैसे कापायचे आणि त्यात डॉक्टर. सोय होती हे खरं, जंगलात दुसरा डॉक्टर येणार कुठून. पण झाडाखाली पाय सापडलेल्या माणसाला अजून पंधरा दिवस झोपून राहू दे म्हणायचं की उद्यापासून कामावर जा म्हणायचं, हे सांगणाऱ्याचा पगार मालक देतो, तेव्हा त्याच्या तोंडून काय निघेल याची कामगारांना धास्ती असणारच. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, त्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थही होता, पण मूळ प्रश्न खरा होता आणि आजही तोच आहे. डॉक्टरने पेशंटकडे बघायचं की पगार देणाऱ्याकडे.

मग एवढा नियम असताना आमचा दवाखाना कंपनीने घेतला कसा? तर आपल्याकडे औषधाच्या दुकानात होतं तसं. तुम्हाला माहितीच असेल, बी.फार्म. झालेल्या कोणाचं तरी सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, तो माणूस दुसऱ्याच गावात नोकरी करतो, महिन्याला लायसन्सचं भाडं घेतो आणि दुकान भलताच चालवतो. इथे तेच, फक्त कागद जाड. कंपनी एक डॉक्टर शोधते, कागदोपत्री दवाखान्याचे शेअर त्याच्या नावावर. मग दवाखाना आणि मॅनेजमेंट कंपनी यांच्यात वीस तीस वर्षांचा करार होतो, बिलिंग, जागा, माणसं, सॉफ्टवेअर, इन्शुरन्सशी बोलणी सगळं मॅनेजमेंट कंपनी बघणार आणि त्याची फी घेणार, ती फी अशी बसवलेली की दवाखान्यात शेवटी शिल्लक फारशी राहतच नाही. आणि एक तिसरा कागद, सगळ्यात महत्त्वाचा, शेअर कोणाला द्यायचे याचा. त्यात लिहिलेलं असतं की मॅनेजमेंट कंपनी म्हणेल तेव्हा, ती म्हणेल त्या दुसऱ्या डॉक्टरला, हे शेअर नावापुरत्या पैशात द्यावे लागतील. म्हणजे तो मालक डॉक्टर निव्वळ कुंकवाचा धनी. एकच डॉक्टर कितीतरी दवाखान्यांचा, कितीतरी राज्यांतला मालक असू शकतो.

आमचा मालक मला कसा कळला ते सांगते. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्या माणसांचा सरकारी विमा, त्यांच्याकडे दवाखान्याची नोंद करताना ८५५बी नावाचा फॉर्म भरावा लागतो आणि त्यात ५ टक्के किंवा त्याच्यावर ज्याचा हिस्सा आहे त्या प्रत्येकाचं नाव द्यावं लागतं. विक्रीनंतर तो फॉर्म अपडेट करायला माझ्याकडे आला. मालक, १०० टक्के, एक डॉक्टर. लायसन्स ऑरेगनचं, पत्ता दोन राज्यं पलीकडचा. मी धाकट्या डॉक्टरीण बाईंना विचारलं हे कोण, तर त्यांनाही माहीत नव्हतं. मी तिथे होते तोपर्यंत, म्हणजे पुढची अडीच वर्षं, तो माणूस एकदाही दवाखान्यात आला नाही. आमच्यापैकी कोणी त्याचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. ऑरेगनचा कायदा काय म्हणत होता, तर मेडिकल कॉर्पोरेशनचे बहुसंख्य शेअर ऑरेगनचं लायसन्स असलेल्या डॉक्टरांकडे हवेत. कायदा पाळलेला होता की, अगदी टक्का न् टक्का.

धाकट्या डॉक्टरीण बाई सोडून गेल्या. त्यांच्या करारात होतं की दोन वर्षं वीस मैलांच्या आत प्रॅक्टिस करायची नाही, म्हणून त्या मुलांची शाळा तशीच ठेवून रोज सव्वा तास गाडी चालवून दुसऱ्या गावी जायला लागल्या. पेशंट काउंटरला विचारायचे त्या कुठे गेल्या, आणि काउंटरवरच्या मुलीला एवढंच सांगायची परवानगी होती की त्या आता इथे नसतात. त्यांच्या जागी आलेली मुलगी आपल्याकडचीच, विदर्भातली, व्हिसावर. तिच्याशी मी मराठीत बोलायचे डबा खाताना. तिला सगळं दिसत होतं, पण तिचा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, ती काय बोलणार. इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या आईवडिलांनी हे जरूर वाचावं, तुमची डॉक्टर झालेली मुलगी अमेरिकेत सेटल झाली म्हणजे ती स्वतंत्र झाली असं नाही.

अशा गोष्टी गावोगाव झाल्या तेव्हा कुठे ऑरेगनच्या विधानसभेला जाग आली. युजीन गावातला एक जुना मोठा डॉक्टरांचा ग्रुप २०२० मध्ये अशाच एका मोठ्या कंपनीकडे गेला आणि नंतर तिथले बरेच डॉक्टर सोडून गेले, पेशंटच्या हातात नवीन डॉक्टर शोधा म्हणून पत्रं आली. २०२४ मध्ये यावर विधेयक आलं ते बारगळलं. पुढच्या वर्षी बेन बोमन या आमदारांनी जोर लावला, आणि ९ जून २०२५ ला गव्हर्नर टीना कोटेक यांनी एसबी ९५१ नावाच्या विधेयकावर सही केली. हा कायदा मी बसून पूर्ण वाचला, रोज जे डोळ्यासमोर होतं तेच त्यात ओळीओळीत लिहिलेलं आहे. मॅनेजमेंट कंपनीचा माणूस, तिचा डायरेक्टर, तिचा नोकर, हा त्याच कंपनीशी करार असलेल्या दवाखान्याचा बहुसंख्य मालक होऊ शकत नाही. डॉक्टर कोण ठेवायचा, कोण काढायचा, पगार किती, ड्यूटी किती, नर्सा किती, पेशंटला वेळ किती द्यायचा, निदानाचा कोड कोणता लावायचा, हे कंपनीने ठरवायचं नाही. तो शेअर फिरवायचा कागद मोजकी कारणं सोडून चालणार नाही. आणि डॉक्टरला गाव सोडायला लावणारी ती अट रद्द, काही अपवाद सोडून, शिवाय आत काय चाललंय ते बाहेर सांगायचं नाही ही अटसुद्धा. नवीन कंपन्यांना मालकीचे नियम १ जानेवारी २०२६ पासून, ज्या आधीपासून आहेत त्यांना १ जानेवारी २०२९ पर्यंत मुदत. हॉस्पिटलांना मात्र यातून वगळलंय, ते मला पटलेलं नाही. कॅलिफोर्नियानेही २०२५ मध्येच कायदा केला की प्रायव्हेट इक्विटी आणि हेज फंडांनी, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा लावून नफा काढणाऱ्या फंडांनी, डॉक्टरांच्या निर्णयात ढवळाढवळ करायची नाही.

चांगलं झालं, पण बैल गेला आणि झोपा केला त्यातला प्रकार. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सर्व्हेत २०१२ मध्ये ६०.१ टक्के डॉक्टर हे डॉक्टरांच्या मालकीच्या प्रॅक्टिसमध्ये होते, २०२४ मध्ये ४२.२ टक्के. गेलेले दवाखाने कायद्याने परत येत नाहीत. आमचे मोठे डॉक्टर आता बागेत काम करतात, मी भेटते कधीकधी, ते त्या विषयावर बोलत नाहीत.

भाव वाढले, वेळ कमी झाला यापलीकडे पेशंटच्या जिवाला काही होतं का, असं भावाने विचारलं. जामा या जर्नलमध्ये २०२३ च्या डिसेंबरमध्ये एक अभ्यास आला होता, प्रायव्हेट इक्विटीने घेतलेली ५१ हॉस्पिटलं आणि न घेतलेली २५९, मेडिकेअरचे पेशंट. विकत गेल्यावर हॉस्पिटलमध्येच होणारे प्रकार, म्हणजे पेशंट पडणं, सलाईनच्या मोठ्या लाइनमधून इन्फेक्शन, हे बाकीच्यांच्या तुलनेत २५.४ टक्क्यांनी वाढले. पडणाऱ्या पेशंटमागे नर्स कमी होती का हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही, पण ज्याने हॉस्पिटलात रात्र काढली आहे त्याला घंटी वाजवून नर्स यायला किती वेळ लागतो त्याचा अर्थ कळतो.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर भावासारखे लोक म्हणतील ताईला पैशाचं कळत नाही. एकट्या डॉक्टरला आज दवाखाना चालवणं खरंच अवघड आहे. इथे एका एमआरआयच्या परवानगीसाठी मी विमा कंपनीच्या फोनवर चाळीस चाळीस मिनिटं थांबलेली आहे, चार डॉक्टरांना एक माणूस फक्त परवानग्यांसाठी लागतो. सॉफ्टवेअर महाग, नर्सा मिळत नाहीत. टेक्सासच्या नियमाने तर खेड्यातल्या लहान हॉस्पिटलांचे हाल झाले होते, कारण तरुण डॉक्टर म्हणतो मला पगार द्या मी येतो, आणि हॉस्पिटलला पगार द्यायची परवानगी नाही, म्हणून २०११ मध्ये पन्नास हजारांच्या आतल्या लोकवस्तीच्या काउंटीतल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या, अशा हॉस्पिटलांना सूट द्यावी लागली. म्हणजे नियम आंधळेपणाने लावला तरी पेशंटच मरतो. आणि मालक डॉक्टर असला म्हणजे तो संतच असतो असंही नाही. आपल्याकडे कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन, काय फंडवाल्यांनी आणली का? ती डॉक्टरांनीच केली, मी मिरजेची आहे, लहानपणापासून पाकिटं बघितली आहेत. अमेरिकेत याच भीतीपोटी २०१० च्या आरोग्य कायद्यात डॉक्टरांच्या मालकीच्या नवीन हॉस्पिटलांना मेडिकेअरचं दार जवळजवळ बंद केलं, की डॉक्टर स्वतःच्या हॉस्पिटलात विनाकारण पेशंट भरतील. भीती बरोबर आहे. पण मग तीच भीती फंडाबद्दल का नको? डॉक्टरने लोभ केला तर निदान त्याचं लायसन्स जाऊ शकतं. फंडाला लायसन्सच नाही तर जाणार काय?

आणि इथेच आपल्या महाराष्ट्राचा प्रश्न येतो. आपल्याकडे नर्सिंग होम्सचा कायदा १९४९ चा आहे, नोंदणी त्याच्याखाली होते, २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, रेटबोर्ड, म्हणजे दरांचे फलक आले, रुग्णहक्कांची सनद लावायची सक्ती आली, हे चांगलंच झालं. पण त्यात जबाबदार म्हणून पात्र डॉक्टर किंवा नर्स लागते, मालक कोण असावा यावर बंधन नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. हॉस्पिटलमध्ये १०० टक्के परदेशी गुंतवणूक कितीतरी वर्षांपासून खुली आहे. पुण्याचं सह्याद्री हॉस्पिटल घ्या, ते २०२२ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाने घेतलं आणि २०२५ मध्ये मणिपाल या हॉस्पिटल चेनने ते त्यांच्याकडून घ्यायचं ठरवलं. तिथे काही वाईट झालं असं मी म्हणत नाहीये, मला तिथलं काही माहीत नाही. मी एवढंच म्हणते की पुण्यातल्या पेशंटचं हॉस्पिटल तीन वर्षांत दोनदा हात बदलतं आणि त्या व्यवहारात राज्याने मालक कोण, निर्णय कोण घेणार, हे विचारायची सोय या नर्सिंग होम्सच्या कायद्यात मला तरी दिसली नाही.

गंमत बघा, म्हणजे खरंतर दुःखाची गोष्ट आहे, आपल्याकडे वकिलाला बिगरवकिलाबरोबर भागीदारी करून फी वाटून घेता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे. सीएच्या फर्ममध्ये बाहेरचा गुंतवणूकदार पार्टनर होऊ शकत नाही. का, तर अशिलाशी आणि हिशेबाशी इमान राहावं म्हणून. मग पोट उघडून बघणाऱ्याचं इमान कमी महत्त्वाचं आहे का? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत कमिशन घेणं देणं डॉक्टरला बंद आहे, पण ती नियमावली डॉक्टरला लागू, कंपनीला नाही. ओपीडीतल्या शंभर पेशंटपैकी किती ॲडमिट केले याचं टार्गेट सर्जनच्या हातात देणारा मॅनेजर कुठल्या कौन्सिलपुढे उभा राहणार? कट प्रॅक्टिसविरोधी कायद्यासाठी २०१७ मध्ये राज्याने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली होती, मसुदाही झाला, पुढे कायदा काही झाला नाही.

माझं मागणं साधं आहे. मालकी डॉक्टरचीच हवी असा हट्ट मी धरत नाही, आपल्याकडे ट्रस्टची हॉस्पिटलं आहेत, मिशनची आहेत, मिरजेला आम्ही मिशन हॉस्पिटलच्या सावलीतच वाढलो, त्यांनी काय वाईट केलं. पण ऑरेगनने जे दवाखाने गेल्यावर २०२५ मध्ये लिहिलं ते आपण ते जायच्या आधी लिहावं, की मालक कोणीही असो, डॉक्टर आणि नर्स किती, पेशंटला वेळ किती, ॲडमिट करायचं का, कोणती तपासणी, कोणतं इम्प्लांट, हे तिथे काम करणारे डॉक्टर ठरवतील आणि कंपनीने टार्गेट दिलं तर दंड कंपनीला. आणि हॉस्पिटलच्या दारात रेटबोर्डाशेजारी मालकाचं नाव असावं, खरं नाव, पडद्यामागच्या फंडापर्यंत. आमच्या ८५५बी फॉर्मवर निदान ते लिहावं तरी लागतं, पेशंटला ते दिसत नाही एवढंच. तुमच्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी अशी विक्रीची बातमी करताना किती कोटी हे लिहावंच, पण युनिट हेड, म्हणजे त्या हॉस्पिटलचा प्रमुख कोण नेमणार, डॉक्टरांना टार्गेट आहे का, जागा कोणाची, हेही विचारावं. जागेचं मुद्दाम म्हणते, कारण मॅसॅच्युसेट्समध्ये स्टीवर्ड नावाच्या हॉस्पिटल चेनने २०१६ मध्ये हॉस्पिटलांच्या जागा सव्वा अब्ज डॉलरला विकल्या आणि त्याच जागांचं भाडं भरत बसली, २०२४ च्या मे महिन्यात दिवाळं निघालं आणि ऑगस्टअखेर तिथली दोन हॉस्पिटलं बंद झाली. इमर्जन्सी असलेल्या माणसाने कुठे जायचं?

भावाची ऑफर अशी आहे. ५१ टक्के चेनचे, ४९ टक्के त्याचे. पाटीवर वडिलांचं नाव तसंच राहणार. त्याला पाच वर्षं मिनिमम गॅरंटी, म्हणजे ठरलेली किमान कमाई. जागा त्याचीच, तीस वर्षांच्या लीजवर. ऐकायला बरंय, तो थकलाय, रात्री तीनला उठून सिझेरियनला उभं राहून पन्नाशी आली. मी त्याला म्हटलं, पैशाचं पान उलट आणि शेअर कोणाला जाणार ते पान वाच. त्याने फोनवर वाचून दाखवलं. लागोपाठ दोन वर्षं बिझनेस प्लॅन पूर्ण झाला नाही तर चेनला त्याचे ४९ टक्के घेता येतील, किंमत चेनने नेमलेला व्हॅल्युअर ठरवणार. बोर्डावर पाच जण, तीन त्यांचे. स्टाफ किती हे बोर्ड ठरवणार. आणि सांगली, मिरज, कुपवाडमध्ये पाच वर्षं दुसरीकडे प्रॅक्टिस नाही. मला वाटत होतं की आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे अशी अट टिकत नाही, पण त्याच्या वकिलाने सांगितलं की नुसत्या नोकराला ती लागत नाही हे खरं, जो आपल्या धंद्याचं गुडविल विकतो त्याला मात्र लागू शकते. भाऊ गुडविलच विकतोय, वडिलांचं नाव.

त्याने तीन बदल लिहून पाठवले. व्हॅल्युअर दोघांनी मिळून नेमायचा, गॅरंटी पाचऐवजी सात वर्षं, आणि डॉक्टर, आरएमओ म्हणजे हॉस्पिटलात ड्यूटीवर राहणारे डॉक्टर, नर्स किती ठेवायच्या आणि कोणाला ॲडमिट करायचं हे बोर्डाच्या हातात नको, भावाच्या हातात. पहिल्या दोन्हींना त्यांचा होकार दोन दिवसांत आला. तिसऱ्यावर तीन आठवडे झाले, काही उत्तर नाही.

आपली,
एक वाचक
पोर्टलँडजवळ, ऑरेगन (मूळची मिरजेची)